प्रोसेसरचा वेग खाली जातो आणि वर येतच नाही: नेमकं कुठे बघायचं

खोक्यावर २.४ गिगाहर्ट्झ लिहिलेलं असतं. टास्क मॅनेजर उघडला की आकडा कधी १.१, कधी ३.८, आणि माउस सोडून दोन सेकंद गप्प बसलं की ०.८. हे पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास दचकतो आणि प्रोसेसर गेला का म्हणून विचारत सुटतो. बहुतेक वेळा काहीही गेलेलं नसतं. प्रोसेसर वीज वाचवतोय, आणि ते त्याचं रोजचं कामच आहे.

पण याच आकड्यांमागे एक खरा बिघाडही दडलेला असतो. लॅपटॉप ०.४ किंवा ०.८ गिगाहर्ट्झवर जाऊन बसतो, कितीही काम दिलं तरी तिथून हलत नाही, टाइप केलेलं अक्षर उमटायलाही वेळ लागतो. रिस्टार्ट केलं की सगळं ठीक, आणि चार दिवसांनी पुन्हा तेच रडगाणं. बाहेरून हे दोन्ही प्रकार सारखेच दिसतात, म्हणून लोक निरोगी मशीनवर उपचार करत बसतात आणि आजारी मशीनला ‘असंच असतं’ म्हणून सोडून देतात. फरक ओळखायची खूण एकच आहे. काम नसताना वेग खाली असणं हे ठीकच. काम असताना तो वर न येणं हा बिघाड.

आधी खात्री करा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, परफॉर्मन्सवर जा, सीपीयू निवडा. तिथे ‘स्पीड’ (या क्षणाचा वेग) आणि ‘बेस स्पीड’ (कंपनीने ठरवलेला मूळ वेग) असे दोन आकडे असतात. आता चार-पाच जीबीचा एखादा फोल्डर झिप करायला लावा आणि ‘स्पीड’कडे बघत राहा. तो झटक्यात बेस स्पीडच्या वर गेला, तर प्रोसेसर ठणठणीत आहे. मशीन तरीही हळू वाटत असेल तर दुखणं दुसरीकडे आहे: रॅम कमी पडतेय, हार्ड डिस्क मरायला टेकलीय किंवा ब्राउझरमध्ये साठ टॅब उघडे आहेत.

वर गेलाच नाही, तर आकडा नीट वाचा, कारण तो बरंच सांगतो. बहुतेक प्रोसेसरचं मूळ घड्याळ १०० मेगाहर्ट्झचं असतं आणि त्याला एका गुणकाने गुणून वेग ठरतो. गुणक ८ असेल तर ८०० मेगाहर्ट्झ, ४ असेल तर ४००. त्यामुळे काम चालू असताना ०.७९ किंवा ०.३९ असा आकडा खिळल्यासारखा दिसत असेल, तर प्रोसेसरला कोणीतरी सगळ्यात खालच्या पायरीवर दाबून धरलंय. आकडा बरोब्बर बेस स्पीडवर थांबत असेल तर टर्बो, म्हणजे गरजेला बेस स्पीडच्या वर जाण्याची सोय, बंद आहे, आणि ते बहुधा एखाद्या सेटिंगचं काम. आकडा आधी भरपूर वर जाऊन मग १.३, १.६, १.४ असा मधेच लोंबकळत राहिला, तर उष्णतेची किंवा विजेची मर्यादा आड येतेय. तिन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे.

इथे टास्क मॅनेजर एक चकवा देतो. विंडोज ८ पासून त्यातली वापराची टक्केवारी प्रत्यक्ष वेगाशी जोडलेली होती. म्हणजे बेस स्पीड १.६ आणि प्रोसेसर ०.४ वर अडकलेला असेल, तर तो जीव तोडून काम करत असतानाही वापर जेमतेम २५ टक्के दिसतो. ‘सीपीयू तर रिकामाच आहे, मग मशीन का रखडतंय?’ हा प्रश्न इथूनच येतो. विंडोज ११ मध्ये २०२५ च्या अपडेटांपासून ही मोजणी बदलली, पण तुमच्या मशीनवर जुनी पद्धत असेल तर टक्केवारीवर विसंबू नका, वेग बघा.

वेग बदलतोच कशाला

हे समजून घेतलं नाही तर पुढच्या सेटिंग्जमध्ये चुकीच्या जागी हात जातो, म्हणून थोडं थांबून बघू.

प्रोसेसरमधले ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना जी वीज खर्च होते, ती वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. यातला ‘वर्ग’ हा शब्द महत्त्वाचा. नुसता वेग निम्मा केला आणि व्होल्टेज तेच ठेवलं, तर वीज निम्मी लागते खरी, पण काम दुप्पट वेळ चालतं. एकूण खर्च तिथल्या तिथे. खरी बचत व्होल्टेज उतरवल्यावर होते, आणि व्होल्टेज उतरवायचं तर वेग आधी उतरवावा लागतो, कारण कमी व्होल्टेजवर ट्रान्झिस्टर तितक्या झपाट्याने पलटत नाहीत.

हिशोब करून बघा. समजा एक प्रोसेसर १.२ व्होल्टवर ४ गिगाहर्ट्झ धावतो आणि ०.७ व्होल्टवर ८०० मेगाहर्ट्झ. वेगातला फरक पाचपट. व्होल्टेजच्या वर्गांमधला फरक साधारण तिप्पट. दोन्ही गुणले की विजेतला फरक जवळपास पंधरापट निघतो. काम पाचपट हळू, पण वीज पंधरा पटींनी कमी! बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रासाठी हा सौदा कोण सोडेल?

ही कल्पना लॅपटॉपमध्ये ठळकपणे आली ती २००० साली. जानेवारीत इंटेलने स्पीडस्टेप असलेले मोबाइल पेंटियम ३ आणले. चार्जर लावलेला असताना ६५० मेगाहर्ट्झ, बॅटरीवर ५००. बस, दोनच पायऱ्या. एएमडीचं पॉवरनाऊ त्याच सुमाराचं, आणि डेस्कटॉपसाठी कूल अँड क्वाएट नंतर आलं. तेव्हा कोणती पायरी घ्यायची हे ऑपरेटिंग सिस्टिम ठरवायची. २०१५ च्या स्कायलेकपासून इंटेलने स्पीड शिफ्ट आणलं आणि हा निर्णय बराचसा प्रोसेसरने स्वतःकडे घेतला. विंडोज फक्त कल सांगते, की जरा काटकसरीने घे किंवा खर्चाचं बघू नकोस. बाकी वर-खाली प्रोसेसर स्वतः करतो, तेही सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. टास्क मॅनेजर सेकंदाला एकदा बघतो. त्याला दिसतो तो केवळ ओझरता आकडा.

मग सरळ कायम हळूच का धावत नाही? कारण प्रोसेसर जागा असेपर्यंत मेमरी, आजूबाजूच्या चिप, सगळंच वीज पीत असतं. म्हणून पुष्कळदा झपाट्याने वर जाऊन काम उरकणं आणि लगेच गाढ झोपणं परवडतं. या झोपेलाही पायऱ्या आहेत, त्यांना सी-स्टेट म्हणतात, आणि खोल पायरीवर कोअरची वीज जवळपास तोडलीच जाते. एखादं पान उघडताना आकडा ३.९ ला उसळतो आणि पान दिसताच ०.९ ला कोसळतो, तो याच हिशोबाने. हा आकडा सतत बघत बसायचा तर एक लक्षात ठेवा: वेग मोजणारा प्रोग्रॅम स्वतःच दर वेळी प्रोसेसरला उठवतो. पूर्ण शांततेचा आकडा पाहायला मिळणं तसं अवघडच.

अडकलेला वेग: वेग कोण दाबतंय ते शोधा

सगळ्यात आधी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडा. सेटिंग्जमध्ये शिरण्याआधी हे करा, कारण यातून अर्धा तपास होतो. विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम, आणि तिथे ‘कर्नल प्रोसेसर पॉवर’ या स्रोताचा इव्हेंट क्रमांक ३७ शोधा. मजकूर साधारण असा असतो, की अमुक प्रोसेसरचा वेग सिस्टिम फर्मवेअरने मर्यादित केला आहे आणि तो इतके सेकंद या अवस्थेत आहे. मशीन मंदावल्याच्या वेळा आणि या नोंदींच्या वेळा जुळत असतील, तर विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये कितीही खटपट करून उपयोग नाही. हुकूम खालून, मदरबोर्डच्या फर्मवेअरकडून (बोर्डवरच साठवलेल्या, विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या सॉफ्टवेअरकडून) येतोय.

नोंद ३७ नसेल, तर मात्र विंडोजची सेटिंग्ज तपासा. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, चेंज प्लॅन सेटिंग्ज, चेंज ॲडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज, आणि त्यात प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट. मिनिमम प्रोसेसर स्टेट सहसा ५ टक्के असते, ती तशीच राहू द्या. बघायचं ते मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट. ते १०० हवं. ९९ असेल तर बऱ्याच मशीनवर टर्बो बंद होतो. ‘लॅपटॉप तापतो? ही युक्ती करा’ असं सांगून अनेकांना हा ९९ चा उपाय दिला जातो, आणि सहा महिन्यांनी आपण तो केला होता हेच आठवत नाही. बॅटरी आणि चार्जर अशा दोन वेगळ्या ओळी असतात, दोन्ही बघा. नव्या लॅपटॉपवर हा भाग दिसतच नसेल तर गोंधळू नका. अनेक मशीनवर तो लपवलेला असतो. तिथे सेटिंग्ज, सिस्टिम, पॉवर अँड बॅटरी, पॉवर मोड इतकंच बघायचं. लॅपटॉप कंपनीचं स्वतःचं एखादं ॲप असेल, ‘सायलेंट’, ‘परफॉर्मन्स’ वगैरे बटणांचं, तर तेही उघडा. विंडोजमध्ये बेस्ट परफॉर्मन्स आणि त्या ॲपमध्ये सायलेंट असं असेल, तर बहुतेक वेळा त्या ॲपचंच चालतं.

आता फर्मवेअरवाला प्रकार. पुन्हा पुन्हा उद्भवणारी तक्रार बहुतेक याच गटातली असते.

पहिला संशयित चार्जर. अनेक लॅपटॉप चार्जरला विचारतात, तू किती वॉटचा? उत्तर आलं नाही, तर ते सावध पवित्रा घेतात: बॅटरी चार्ज करत नाहीत किंवा प्रोसेसरला थेट तळाला बसवतात. गोल पिनच्या काही चार्जरमध्ये मधोमध एक बारीक सुईसारखी पिन असते, ओळख पटवण्याचं काम तिचं. ती वाकली, केबल प्लगच्या गळ्याशी पिचली किंवा चार्जरच भलता असला की ओळख पटत नाही. वायर एका कोनात असताना ओळख पटते आणि जरा हलली की तुटते, म्हणून तक्रारही येते-जाते. यूएसबी-सी लॅपटॉपमध्ये सुई नसते, पण तत्त्व तेच: ६५ वॉट मागणाऱ्याला फोनचा चार्जर लावला तर मशीन चालू राहील, धावणार मात्र नाही. तपासणी सोपी आहे. मशीन मंद असतानाच चार्जर काढा आणि झिपची परीक्षा पुन्हा द्या. बॅटरीवर वेग वर आला तर चोर सापडला. चालू करताना चार्जरचा प्रकार कळत नाही असा काही संदेश पडद्यावर चमकून जातो का, तेही पाहा. आपण तो नेहमी एंटर दाबून पुढे ढकलतो.

याच्या उलटही घडतं. बॅटरी म्हातारी झाली किंवा काढून ठेवली, तर काही लॅपटॉप वेग कमी करतात, कारण टर्बोच्या क्षणी लागणारा जादा करंट चार्जर आणि बॅटरी मिळून पुरवत असतात. एकट्या चार्जरला तो झटका झेपेल याची खात्री नसते, तेव्हा फर्मवेअर आधीच हात आखडता घेतं.

दुसरा संशयित ‘प्रोकहॉट’ नावाचा इशारा. मुळात तो प्रोसेसरने बाहेर सांगायचा असतो, की मी फार तापलोय. पण तो दोन्ही दिशांनी चालतो. मदरबोर्डवरचा दुसरा एखादा भागही ती तार ओढून प्रोसेसरला गप्प बसवू शकतो: व्होल्टेज देणारी सर्किट तापली, सेन्सर बिघडला, किंवा झोपेतून उठताना बॅटरी-पंखा सांभाळणारी नियंत्रक चिप गडबडली. अशा वेळी प्रोसेसर ४५ अंशांवर थंडगार असतो आणि तरी ०.४ वर अडकलेला. थंड असूनही तळाला खिळलेला आकडा ही या प्रकाराची पक्की खूण. एचडब्ल्यूइन्फो किंवा थ्रॉटलस्टॉप या प्रोसेसर तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हा इशारा चालू आहे का ते स्पष्ट दिसतं.

तक्रार झाकण उघडून मशीन जागं केल्यावरच येत असेल, तर आधी नियंत्रक चिपला शुद्धीवर आणा. मशीन पूर्ण बंद करा, चार्जर काढा, काढता येणारी बॅटरी असेल तर तीही काढा, आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. मग सगळं जोडून चालू करा. ‘पूर्ण बंद’ इथे शब्दशः घ्यायचं. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन म्हणजे निम्मी झोपच असते, सिस्टिमचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. रिस्टार्टमध्ये तसं होत नाही. ‘रात्री बंद करतो, सकाळी पुन्हा तेच, रिस्टार्ट केलं की जातं’ या कोड्याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं. फास्ट स्टार्टअप आठवडाभर बंद ठेवून बघा आणि लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून बायोस, म्हणजे मदरबोर्डचं फर्मवेअर, अद्ययावत करा. झोपेशी निगडित गडबडी बायोसच्या नव्या आवृत्तीत बऱ्याचदा दुरुस्त झालेल्या असतात.

थ्रॉटलस्टॉपमध्ये बीडी प्रोकहॉटची (बाहेरून येणारा हा इशारा मानायचा, या पर्यायाची) खूण काढली की मशीन जादू झाल्यासारखं पळायला लागतं, हे खरं आहे. प्रोसेसरची स्वतःची उष्णतेपासूनची सुरक्षा त्याने जात नाही, हेही खरं. तरी माझा सल्ला असा: ही खूण निदानापुरती काढा, पक्का उपाय म्हणून नको. इशारा खोट्या सेन्सरकडून येत असेल तर ठीक. पण तापलेल्या सर्किटकडून किंवा दमलेल्या चार्जरकडून येत असेल, तर तुम्ही मशीनचा आरडाओरडा नुसता म्यूट केलाय.

आधी वर जातो, मग उतरतो

या गटात घड्याळ हाताशी ठेवा. साधारण अर्ध्या मिनिटात वेग थोडा उतरला आणि तिथे स्थिर झाला, तर ते ठरवून केलेलं आहे. इंटेलच्या लॅपटॉप प्रोसेसरला विजेच्या दोन मर्यादा असतात, थोड्या वेळापुरती मोठी आणि कायमची लहान. पातळ लॅपटॉपमध्ये कायमची मर्यादा पुष्कळदा १५ वॉट असते आणि मोठीची मुदत नेहमीची २८ सेकंद. त्यानंतर उतरणारच, त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

पाच-दहा मिनिटांनी वेग बेस स्पीडच्याही खाली गेला, पंखा किंचाळतोय आणि तापमान ९५ ते १०० अंशांच्या घरात आहे, तर मात्र ती उष्णता. इथे सॉफ्टवेअर विसरा. मागची जाळी उजेडात धरून बघा. पंखा आणि तांब्याच्या पात्यांच्या मधल्या फटीत धुळीचा एक नमदा तयार झालेला असतो, बाहेरून फुंकर मारून तो निघत नाही, उलट घट्ट बसतो. झाकण उघडून पंखा सोडवला की अख्खा पट्टा चिमट्याने ओढून काढता येतो. चार-पाच वर्षं जुनं मशीन असेल तर थर्मल पेस्टही (प्रोसेसरची उष्णता तांब्याकडे पोचवणारा लेप) बदलून घ्या. आणि गादीवर ठेवून वापरत असाल तर आधी ते थांबवा, खालची हवेची वाट बंद झाली की कुठलीही पेस्ट कामाची नाही.

एकच प्रोग्रॅम मंद असेल तर

टास्क मॅनेजरमध्ये त्याच्या नावापुढे हिरवं पान दिसतं का ते बघा. ते एफिशियन्सी मोडचं चिन्ह आहे. त्या प्रोग्रॅमला कमी प्राधान्य आणि काटकसरीचा वेग मिळतो. उजवं बटण दाबून तो मोड काढता येतो.

लिनक्स आणि मॅक

लिनक्सवर वेग कसा हाकायचा हे गव्हर्नर नावाचं सेटिंग ठरवतं, आणि तिथे एक फसवं नाव आहे. इंटेलच्या पी-स्टेट ड्रायव्हरमधला पॉवरसेव्ह हा गव्हर्नर कामानुसार वेग व्यवस्थित वर नेतो. जुन्या एसीपीआय ड्रायव्हरमधला त्याच नावाचा गव्हर्नर मात्र प्रोसेसरला तळाशीच डांबून ठेवतो. त्यामुळे आधी ड्रायव्हर कोणता ते बघा, मग गव्हर्नरला बोल लावा. एसीपीआय ड्रायव्हर असेल तर शेडयुटिल किंवा ऑनडिमांड निवडा. खरा वेग बघायला टर्बोस्टॅट ही कमांड उत्तम.

मॅकवर कर्नल टास्क नावाची प्रक्रिया प्रोसेसर खाताना दिसली तर तिला दोष देऊ नका. मशीन तापल्यावर बाकीच्यांना प्रोसेसर कमी मिळावा म्हणून ती जागा अडवून बसते. उष्णता उतरवा, ती आपोआप बाजूला होते.

हे करू नका

मिनिमम प्रोसेसर स्टेट १०० करून कायमची सोडणं, बायोसमधून सी-स्टेट बंद करणं, ‘सीपीयू बूस्टर’ नावाचं काहीतरी उतरवून घेणं. यातल्या कशानेही अडकलेला वेग सुटत नाही. बॅटरी आणि पंखा मात्र नाहक झिजतात. अपवाद आवाज रेकॉर्ड करणाऱ्यांचा. वेगाच्या चढ-उतारात आवाजात टकटक येत असेल, तर रेकॉर्डिंगपुरती वेगळी पॉवर प्लॅन करून ठेवा आणि काम झालं की मूळ प्लॅनवर या.

वरचं सगळं करूनही थंड मशीन तळाला खिळलेलंच राहिलं, तर मदरबोर्डवरच्या सेन्सरची किंवा वीजपुरवठ्याच्या सर्किटची शक्यता उरते, आणि ते घरी जमणारं काम नाही. सर्व्हिस सेंटरला जाताना ‘लॅपटॉप हळू चालतो’ एवढंच सांगितलं तर विंडोज पुन्हा टाकून परत देतील. इव्हेंट ३७ च्या नोंदींचा, आणि काम चालू असतानाचा वेग व तापमान एकत्र दिसेल असा, दोन स्क्रीनशॉट सोबत न्या. चार्जरही न्या, रोजचा आहे तोच.